सहानंतरचा तास : इंदूरमधल्या एका घरगुती पाळणाघराचा हिशेब

राजेंद्र नगरातल्या आमच्या गल्लीत काकूंचं घर कुणालाही विचारा, दाखवतील. मराठी माणसं त्याला पाळणाघर म्हणतात, बाकीचं इंदूर झूलाघर. पाटी नाही, जाहिरात नाही. फाटकाला आतून बांधलेली दोरी आणि व्हरांड्यात ओळीने ठेवलेल्या इवल्या इवल्या चपला, एवढीच खूण. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका रविवारी काकू माझ्याकडे वही घेऊन आल्या. मी घरबसल्या चार दुकानदारांचा जमाखर्च बघते, म्हणून.

"अगं, महिन्याला बावीस हजार येतात म्हणे माझ्याकडे. मग महिनाअखेरीस मी काकांकडे भाजीला पैसे का मागते?"

वही नीट होती. ज्याने दिले त्याचं नाव, तारीख, रक्कम. एकच गोष्ट वहीत कुठेच नव्हती, ती म्हणजे वेळ. कोणतं मूल किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, हे काकूंना तोंडपाठ होतं, पण त्याचा पैशांशी काही संबंध असतो असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

थोडं मागचं सांगते. काकू चोपन्न वर्षांच्या, लग्नाआधी बालवाडीत शिकवायच्या. घर तळमजल्याचं. पुढच्या दोन खोल्या आणि व्हरांडा मुलांचा, मागचा भाग घरच्यांचा. काका निवृत्त आहेत. मदत करतात, पण मनात आलं तर. एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना सगळी मुलं आजी म्हणतात. २०२२ मध्ये शेजारच्या नातवाला दुपारचं सांभाळण्यापासून सुरुवात झाली आणि एकाचं बघून दुसरं मूल येत गेलं. दर असा कधी ठरलाच नाही. पालकांनी विचारलं की काकू म्हणायच्या, "तुम्हीच सांगा काय ते." समोरून जो आकडा आला तो भिडेखातर मान्य.

त्यामुळे आठ मुलांचे आठ दर होते. आठ महिन्यांची एक तान्ही, आई सुपर कॉरिडॉरवर, म्हणजे इंदूरच्या आयटी कंपन्यांच्या रस्त्यावर, नोकरीला: सकाळी नऊ ते संध्याकाळी सव्वासात, ४००० रुपये. दीड वर्षाचा मुलगा, वडिलांना पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीची बस पकडायची म्हणून साडेसातलाच हजर, जायचा पावणेसहाला: ३५००. दोन वर्षांची मुलगी, आई शाळेत शिक्षिका: सव्वासात ते अडीच, ३०००. बँकेतल्या बाईंची दोन मुलं, धाकटा साडेतीन वर्षांचा पावणेदहाला येणारा आणि थोरली सहा वर्षांची शाळेनंतर पावणेदोनला. दोघं पावणेसातपर्यंत, दोघांचे मिळून ५०००. शेजारचा चार वर्षांचा नातू साडेबारा ते सहा, २०००. आणखी दोघं शाळेनंतरची: पाच वर्षांची एक ते सहा, २५००; सात वर्षांचा दोन ते सहा, २०००. बेरीज बरोबर २२,०००.

मी आलेखाचा कागद काढला. आडवी वेळ, पाव तासाचा एक चौकोन, उभी मुलं. रंगवायला काकूंनी मुलांचेच तेलखडू आणले, टोकं चावलेले. प्रत्येक मुलाला एक रंग. तान्हीला जांभळा दिला आणि तो नऊपासून सव्वासातपर्यंत ओढता ओढता संपला.

आधी साधा हिशेब. सगळ्या मुलांचे मिळून दिवसाला सव्वाछप्पन्न तास भरत होते. महिन्याचे २४ दिवस धरले (शनिवारी मुलं कमी असतात, ते तूर्त सोडून दिलं) तर १३५० तास. बावीस हजार भागिले तेराशे पन्नास म्हणजे एका मुलाच्या एका तासाला सव्वासोळा रुपये. खर्च बारा हजारांचा निघाला: मदतीला येणाऱ्या मावशींचे ५०००, दूध-फळं-खाऊ ३२००, कूलर-पंख्यांमुळे वाढलेलं विजेचं बिल सरासरी १४००, साबण-फिनाईल-धुणं ९००, गॅस ६००, कागद-रंग-खेळणी ५००, गाद्या-चादरींची दुरुस्ती ४००. उरले दहा हजार.

फाटक सव्वासातला उघडतं आणि सव्वासातला बंद होतं. रोज बारा तास, महिन्याचे २८८. म्हणजे काकूंच्या एका तासाची कमाई ३४ रुपये ७२ पैसे.

मग सहज म्हणून मावशींचा तास काढला. सकाळी दहा ते चार, सहा तास, चोवीस दिवस, पाच हजार. ३४ रुपये ७२ पैसे. पैशापर्यंत तेच. काकूंनी मला दोनदा भागाकार करायला लावला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आमच्याकडेच कामाला आहे." त्यात सासूबाईंनी झोके द्यायचे, गोष्टी सांगायच्या, ते वेगळंच, त्याचे तर पैसेच धरले नव्हते.

यावर कुणीही सांगेल की दर वाढवा. माझ्याही तोंडावर तेच आलं होतं. पण रंगवलेला कागद समोर होता आणि त्यात पैशांच्या आधी दुसरंच काही दिसत होतं. सकाळी दहा ते साडेबारा मुलं चार, आणि बघायला काकू व मावशी दोघी. दुपारी चार ते पावणेसहा मुलं सात, आणि काकू एकट्या. मावशी चारलाच गेलेल्या. म्हणजे गर्दीच्या वेळी माणूस नाही आणि निवांत वेळी दोन. हे तीन वर्षं असंच चाललं होतं, कारण मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा बहुतेक मुलं सकाळची होती. मावशींना विचारलं. त्यांचं सकाळी एक घर आणि संध्याकाळी एक घर होतं. संध्याकाळच्या घराशी बोलून त्या साडेअकरा ते साडेपाच यायला तयार झाल्या, पगारात पाचशे वाढवून. या एका बदलाने काकूंची पाठ जेवढी सुटली तेवढी पुढच्या दरवाढीनेही सुटली नाही, असं माझं मत आहे.

आता कागदाच्या दोन्ही कडा. सकाळी सव्वासात ते नऊ दोनच मुलं. संध्याकाळी सहानंतर तीन, पावणेसातनंतर फक्त तान्ही. कागदावर दोन्ही कडा सारख्याच विरळ दिसतात. मी सरळ म्हटलं की दोन्हीकडचा जादा तास सारख्या दराने लावू. काकूंनी मान हलवली. "सकाळचं काही नाही गं. मी साडेपाचला उठलेली असते, काका व्हरांड्यात पेपर वाचत असतात, पोरं अर्धवट झोपेत असतात. संध्याकाळी ये आणि बघ."

गेले. बुधवार होता. सहाला तीन मुलं गेली आणि घर एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं, पण झालं नव्हतं. बँकेतल्या बाईंची दोघं व्हरांड्यात फाटकाकडे तोंड करून बसली. त्या वेळेला मुलं खेळत नाहीत, वाट बघतात, आणि वाट बघणारं मूल सांभाळणं फार अवघड. तान्ही किरकिरत होती, तिला कडेवर घेऊन काकू देवापाशी दिवा लावायला गेल्या, तर ती ज्योतीकडे झेपावली. काकूंनी एका हाताने काडी विझवली, दुसऱ्याने तिचा हात धरला. आत कुकरची शिट्टी. सासूबाईंना सातला वरणभात लागतो, नंतर जेवल्या तर रात्री त्रास होतो. त्या ताटावर येऊन बसलेल्या. पावणेसातला भावंडं गेली. सातला फोन: "आंटी, बस दस मिनट, चौराहे पे हूँ." वीस मिनिटांनी आई धावत आली, हातात कचोरीचा पुडा. रोज काही ना काही आणायची बिचारी. अपराधीपणाची भरपाई ती खाऊने करत होती, आणि काकूंच्या घरात कचोरी खाणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या सव्वा तासाचे आपल्या सव्वासोळा रुपयांच्या हिशेबाने पंचेचाळीस रुपये होत होते. पण मला आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट कळली. मुलं सात असोत की एक, घर तेवढंच अडकतं. शेवटचं मूल जाईपर्यंत फाटकाची दोरी सुटत नाही. म्हणून सगळ्या तासांची सरासरी काढून दर लावला की दुपारच्या मुलांचे पालक संध्याकाळच्या मुलाचे पैसे भरत राहतात, आणि संध्याकाळच्या पालकांना ती वेळ फुकटात पडते. सकाळची कड स्वस्त आणि संध्याकाळची महाग, हे घड्याळात दिसत नाही. त्या घरात कुणाचं ताट कधी वाढायचं असतं ते बघावं लागतं.

पुण्याहून काकूंच्या मुलीने फोनवर तोडगा दिला: सहानंतर दर दहा मिनिटांना पन्नास रुपये दंड. ऐकायला चोख. पण या दंडाची परीक्षा आधीच होऊन गेली आहे. १९९८ मध्ये इस्रायलमधल्या हायफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांत हे करून पाहिलं. त्यांतल्या सहा ठिकाणी दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर मुलामागे दहा शेकेल दंड सुरू केला. उशिरा येणारे पालक कमी होण्याऐवजी वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. काही आठवड्यांनी दंड काढून टाकला तरी ते पहिल्यासारखे झाले नाहीत. आधी उशीर झाला की बाईंसमोर मान खाली जायची. दंड आल्यावर लोकांना वाटलं की ही तर सोय आहे, पैसे दिले की झालं. काकूंच्या भाषेत सांगायचं तर कचोरीही बंद होणार आणि उशीरही वाढणार.

त्यामुळे दंडाचा विषय संपला आणि खरा प्रश्न उरला: हा तास विकायचा आहे का? विकायचा असेल तर आधी सांगून, महिन्याच्या भावाने, नीट विकायचा. विकायचा नसेल तर त्याला भावच ठेवायचा नाही. काकूंनी दोन रात्री विचार केला आणि रेघ सातवर ओढली. सहा ते सात विकायचा. सातनंतर नाही, कितीही दिले तरी.

बाकीचं दरपत्रक मग भराभर झालं. मुख्य वेळ साडेआठ ते सहा. दोन वर्षांच्या आतलं मूल ५५००, त्यावरचं ४५००. अडीचपर्यंतचा अर्धा दिवस ३०००. शाळेनंतर सहापर्यंत २८००. सव्वासात ते साडेआठ हवं असेल तर महिना ५०० जादा. सहा ते सात १२०० जादा, पण निदान दोन मुलं असतील तरच. एकासाठी घर अडकवायचं नाही. भावंड असेल तर दोघांत मिळून पाचशे कमी. फी पाच तारखेच्या आत, आगाऊ. ताप असलेलं मूल घ्यायचं नाही आणि त्या दिवसाची फी कापायची नाही. शनिवारी अडीचला बंद; तसंही दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात आणि आयटीवाले शनिवारी घरीच.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला हजार जास्त का, यावर काकांनी वाद घातला. तान्हं मूल जागा कमी अडवतं, खाऊ खात नाही, मग? काकूंनी उत्तर दिलं नाही, तान्हीला त्यांच्या मांडीवर ठेवून अर्धा तास बाजारात जाऊन आल्या.

तान्ह्या मुलांसाठीचे फोन काकूंना वरचेवर येतात, त्याला कारण आहे. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं, आणि आजी-आजोबा गावी असले तर थेट पाळणाघर. अशी दोन बाळं एकदम घ्यायची नाहीत, हेही दरपत्रकात लिहिलं.

सुट्ट्यांची यादी वेगळी केली, कारण भांडणं तिथेच होतात. दिवाळीचे चार दिवस, गणपतीचा पहिला दिवस, आणि रंगपंचमी. त्या दिवशी गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, राजवाड्याच्या बाजूचे रस्ते बंद असतात, शहराला स्थानिक सुट्टी असते. पण काही कंपन्या चालू असतात आणि पालक गृहीत धरतात. थंडीचा मुद्दा मात्र मला सुचला नव्हता. जानेवारीत गारठा वाढला की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, लहान वर्गांना सुट्टी मिळते, आणि शाळेनंतर येणारं मूल सकाळी नऊलाच दप्तराशिवाय दारात उभं. अशा दिवसाचे १०० रुपये जादा, आणि आदल्या रात्री कळवायचं.

पत्र हिंदीत लिहिलं, एका पानाचं. निम्मे पालक हिंदीभाषी आहेत. सातच्या रेघेबद्दल मी "विलंब शुल्क" असा शब्द घातला होता, तो काकूंनी खोडला. लिहिलं: महिन्यात दोनदा सातनंतर आलात तर पुढच्या महिन्यात संध्याकाळची वेळ मिळणार नाही. मूल कुणी रस्त्यावर ठेवत नाही, हे पालकांनाही माहीत असतं; तेव्हा धाक पैशाचा नाही, जागेचा. शिवाय प्रत्येकाने न्यायला येणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव आणि नंबर द्यायचा. एप्रिलपासून लागू, कारण आपल्याकडे शाळांचं सत्र एप्रिलला सुरू होतं आणि लोकांची मनं तेव्हा नव्या फीसाठी तशीही तयार असतात. दीड महिना आधी पत्र हातात दिलं.

पहिला धक्का पीथमपूरवाल्यांचा. त्यांचे ३५०० वरून एकदम ६००० होत होते. वडील शांतपणे म्हणाले, "काकू, आमचं बजेट नाही." मार्चअखेर मूल गेलं. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत धड. पोरगं नुकतंच "काऊ" म्हणायला लागलं होतं, म्हणजे काकू. इथे चूक माझी. जुन्या पालकांना दोन टप्प्यांत वाढ द्यायला हवी होती, एप्रिलमध्ये हजार-बाराशे आणि बाकी ऑक्टोबरमध्ये. कागदावर दर बरोबर होता, पण कुणाच्या पगाराला एका महिन्यात अडीच हजार जास्त झेपत नाहीत.

दुसरी अडचण अनपेक्षित. बँकेतल्या बाईंनी सहा ते सातचे दोन मुलांचे २४०० बघितले आणि नवऱ्याला कामाला लावलं. ते आता बरोबर सहाला येतात, हेल्मेट न काढता. चांगलंच झालं, पण आता संध्याकाळी तान्ही एकटी उरली आणि दोन मुलांची अट मोडली. तिची आई म्हणाली, मी दोघांचे देते, २४००. काका खूश. काकू नाही. "पैसे दोघांचे देईल, पण माझा गुरुवार कुठून आणणार?" गुरुवारी त्यांचं भजनी मंडळ असतं आणि गेल्या वर्षभरात त्या तीनदाच गेल्या होत्या. शेवटी ठरलं: सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार सातपर्यंत, गुरुवारी सहाला म्हणजे सहाला. आईने ऑफिसात बोलून गुरुवारी घरून काम मागून घेतलं. मिळालं. इतके दिवस कुणी मागितलंच नव्हतं.

तिच्याच ऑफिसात चौकशी करता करता आणखी एक निघालं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, असा नियम प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्याच दुरुस्तीने आला. तिच्या कंपनीत पावती दाखवली तर काही रक्कम परत मिळते असं कळलं. म्हणून काकूंनी पावतीपुस्तक छापून घेतलं. छापील पावती आली तशी काकांना जीएसटीची धास्ती वाटली. पण सेवेच्या व्यवसायाला वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही आणि इथे सगळं मिळून साडेतीन-पावणेचार लाख. ते बिनघोर झाले.

शेजारच्या आजींनी २८०० ऐकून आठ दिवस फाटकातून हाक मारली नाही. काकूंनी मला न विचारता त्यांना २४०० केले. मी चिडले, दरपत्रक केलं कशाला मग? काकू म्हणाल्या, सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या तेव्हा मुलांपाशी कोण येऊन बसलं होतं? खरं होतं. हाकेच्या अंतरावरचं एक खात्रीचं माणूस चारशे रुपयांत पडत असेल तर ते महाग नाही. पण मग ते हिशेबात तसं लिहावं, म्हणून मी वहीत "शेजार, ४००" असा खर्चाचा रकाना घातला. काकू हसल्या, खोडला मात्र नाही.

एप्रिलचा हिशेब असा आला. मुलं सात, जमा २६,६०० (शेजारचे पुरे २८०० धरून), खर्च चारशेच्या त्या रकान्यासकट १२,६००, शिल्लक १४,०००. फाटक आठवड्याला बहात्तर तासांऐवजी पासष्ट तास उघडं. तासाला चौपन्न रुपये. एक मूल कमी होऊन.

मे महिना मात्र पूर्वीपासूनच अडचणीचा. आदल्या वर्षी मे महिन्यात चार मुलं आलीच नाहीत, त्यांतल्या एकानेही पैसा दिला नाही, आणि मावशींचा पगार काकूंनी पदरमोड करून दिला होता. या वेळी नियम होता: सुट्टीत जागा राखायची तर अर्धी फी. बँकेतल्या बाईंनी नागपूरला आजोळी जाताना ३४०० भरले, सात वर्षांच्या मुलाच्या घरून १४०० आले. पाच वर्षांच्या मुलीच्या आईने सांगितलं, आम्ही जूनमध्ये बघू. जागा गेली तर गेली. ती काही गेली नाही. जूनच्या मध्यात शाळा उघडली तेव्हा जागा रिकामीच होती आणि मुलगी परत आली. म्हणजे ज्यांनी अर्धी फी भरली ते उगाच भरून बसले का? पुढच्या मे महिन्यात हा प्रश्न येणार आहे, आणि त्याला चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. काकू म्हणतात, परत येताना पाचशे प्रवेश फी घ्यायची. बघू.

पीथमपूरवाल्यांच्या जागी जूनमध्ये अडीच वर्षांची एक मुलगी आली, ४५०० वर, साडेआठ ते सहा. त्यानंतर तासाची कमाई सत्तर रुपयांवर गेली. मावशींचा तास अडतीसवर होता; काकूंनी तो आपणहून बेचाळीसच्या आसपास नेला, महिन्याचे सहा हजार करून.

परवा तान्हीच्या आईने विचारलं, मुलगी दोन वर्षांची झाली की हजार रुपये कमी होतील ना, ते वाढदिवसापासून की पुढच्या एप्रिलपासून? दरपत्रकात हे लिहिलेलंच नाही. काकूंनी तिथल्या तिथे पेन्सिलने समासात लिहिलं, "वाढदिवसानंतरच्या एक तारखेपासून", आणि तान्हीने ती पेन्सिल ओढून घेतली.